ताप उतरला, पण लागण कधी संपते? ग्लँड्युलर फीव्हरविषयी वाचकांचे प्रश्न

ग्लँड्युलर फीव्हर, मोनो, ग्रंथीज्वर ही सगळी एकाच दुखण्याची नावं. ताप, चिरल्यासारखा दुखणारा घसा, मानेच्या मागच्या बाजूला गाठी आणि अंगात त्राण नाही, असं त्याचं रूप. एपस्टीन-बार नावाच्या विषाणूमुळे (ईबीव्ही) तो होतो. गालगुंडाशी त्याचा संबंध नाही, तरी निम्म्या पत्रांत दोन्हींची सरमिसळ झालेली दिसली. गालगुंडात कानाखालची लाळग्रंथी सुजते आणि सूज आल्यापासून ५ दिवस रुग्णाला घरी ठेवलं की पुरतं. ग्लँड्युलर फीव्हरमध्ये असा दिवसांचा हिशेब लागत नाही, आणि बहुतेक पत्रांचा घोळ तिथेच आहे.

प्रश्न : मुलगा मँचेस्टरला एम.एस्सी. करतो. ऑक्टोबरच्या अखेरीस त्याला ताप आणि मानेला गाठी आल्या, तिथल्या डॉक्टरांनी ग्लँड्युलर फीव्हर सांगितला. आता तो बरा आहे आणि २० डिसेंबरला चुलत बहिणीच्या लग्नासाठी सांगलीला येतोय. घरात ८ महिन्यांची नात आहे, ७६ वर्षांच्या सासूबाई आहेत. त्याला वेगळ्या खोलीत ठेवावं का? इंटरनेटवर कुठे ६ महिने लिहिलंय, कुठे १८ महिने, कुठे जन्मभर. आणि तिथले डॉक्टर तर म्हणाले, बरं वाटलं की कॉलेजला जा!

उत्तर : गंमत अशी की यातलं कोणीच खोटं बोलत नाही. हा विषाणू एकदा शरीरात शिरला की रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींत कायमचं बस्तान मांडतो. तिथून तो घशात येतो आणि लाळेत उतरतो. दुखण्याच्या दिवसांत लाळेत तो भरपूर असतो, पुढे साधारण ६ महिने चांगल्या प्रमाणात सापडतो, काहींच्या बाबतीत वर्ष-दीड वर्षही. त्यानंतर तो अधूनमधून डोकावतो आणि हे आयुष्यभर चालतं. शिवाय लाळेत तो ताप येण्याआधीच येऊ लागतो. म्हणजे सुरुवातीची तारीख नक्की नाही आणि शेवटची तर नाहीच.

मग मँचेस्टरचे डॉक्टर 'जा' कसं म्हणाले? लग्नाच्या मांडवातच हिशेब करून पाहा. जगात १० प्रौढांमागे ९ जणांच्या शरीरात हा विषाणू आधीपासून आहे. पंगतीला ५०० मोठी माणसं जेवली तर त्यांतली साडेचारशेच्या आसपास त्याला सोबत घेऊन आलेली असतात. अशा धडधाकट माणसांपैकी १० ते २० टक्क्यांच्या लाळेत तो कोणत्याही दिवशी सापडू शकतो. म्हणजे ४५ ते ९० पाहुणे, आणि त्यांतल्या एकालाही त्याची गंधवार्ता नसते. तुमच्या मुलाला खोलीत कोंडून काय साधणार?

लागण होते ती लाळेतून, म्हणजे आपल्या भाषेत उष्ट्यातून. एका खोलीत बसल्याने, एकाच गाडीतून गेल्याने, एका ताटलीतल्या शंकरपाळ्या हाताने उचलल्याने ती सहसा होत नाही. गोवर-कांजिण्यांसारखा हा हवेतून पसरत नाही. तेव्हा दुखणं सुरू झाल्यापासून ६ महिने, म्हणजे त्याच्या बाबतीत एप्रिलअखेरपर्यंत, उष्ट्याचं पथ्य जरा कडक पाळा. त्याचा पेला, चमचा आणि पाण्याची बाटली दुसऱ्याने तोंडाला लावू नये. पाणी वरून पिण्याची आपली सवय इथे फार कामाची. भांडी वेगळी ठेवू नका, उकळूही नका. या विषाणूवर स्निग्ध आवरण असतं आणि ते भांडी घासायच्या साध्या साबणाने फुटतं. फक्त वस्तू लाळेने ओली असेपर्यंत विषाणू तिच्यावर टिकतो, म्हणून उष्टा पेला तसाच फळीवर राहू देऊ नये.

नातीबाबत लक्ष ठेवायचं ते वेगळ्याच गोष्टींवर. भात गरम आहे का हे आपल्या ओठांना लावून बघणं, पोळीचा तुकडा चावून मऊ करून भरवणं, खाली पडलेली चोखणी स्वतःच्या तोंडात घालून 'स्वच्छ' करून परत देणं, आपल्याच चमच्याने मऊभात चारणं. हे काकाने करू नये, आणि खरं तर घरात कोणीच करू नये, कारण वर सांगितलेल्या हिशेबात तुम्हीही आलात. पापा घ्यायचाच असेल तर डोक्याचा घ्यावा. ओठांचा नको आणि हाताचाही नको, कारण तो हात पुढच्या क्षणी तिच्या तोंडात जातो. कडेवर घेणं, खेळवणं, झोपवणं खुशाल चालू द्या.

इतकं करूनही तिला लागण झालीच तर घाबरू नका. आपल्याकडे बहुतेकांना हा विषाणू लहानपणीच भेटतो आणि लहान मुलांत तो बहुधा काही लक्षणच दाखवत नाही, फार तर चार दिवसांचा ताप येतो. तरुणपणी पहिल्यांदा भेटला तरच बहुधा तो असा आडवा करतो. सासूबाईंना तो कित्येक दशकांपूर्वी भेटलेला असणार, त्यांची काळजी सोडा. अपवाद एकच: घरात कोणाचं मूत्रपिंड किंवा दुसरा अवयव बदललेला असेल, केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, तर त्यांच्या डॉक्टरांना हे आधी कळवा. अशा माणसांत हा विषाणू अवघड दुखणी उभी करू शकतो.

वेगळी खोली द्यायचीच असेल तर दुपारच्या झोपेसाठी द्या. ताप जाऊन दीड-दोन महिने झाले तरी या मुलांचा थकवा चटकन जात नाही.

प्रश्न : मुलगी १० जूनला पुण्याच्या वसतिगृहात राहायला गेली आणि २५ जूनला ताप येऊन परत साताऱ्याला आली. रिपोर्टवर मोनो. मिस्टरांनी नेटवर 'किसिंग डिसीज' वाचलं आणि तेव्हापासून घरात कोणी नीट बोलत नाही. तिला सरळ विचारावं का?

उत्तर : ताई, विचारण्याआधी कॅलेंडर काढा. लागण झाल्यापासून ताप यायला ३० ते ५० दिवस लागतात. २५ जूनपासून मागे मोजलं तर ६ मे ते २६ मे हा काळ येतो. तेव्हा ती पुण्यात नव्हतीच, तुमच्याच घरी होती. सुट्टीतल्या भावंडांनी एकाच आंब्याची कोय आळीपाळीने चोखली असेल, एकाच बाटलीने पाणी प्यायलं असेल, एकीचा लिपबाम दुसरीने लावला असेल. ज्याच्याकडून आलं त्याला बहुधा त्या काळात शिंकही आली नसेल. माणूस शोधून काढणं शक्य नाही आणि त्याचा उपयोगही नाही.

'किसिंग डिसीज' हे नाव १९५० च्या दशकातलं आहे. अमेरिकेच्या लष्करी अकादमीतल्या तरुणांचं दुखणं आणि त्यांच्या सुट्ट्या यांची सांगड एका लष्करी डॉक्टरांनी घातली. माध्यमांना नाव आवडलं आणि चिकटलं. चुंबनातून लागण होते हे खरं, पण चुंबनातूनच होते हे खरं नाही. नाहीतर जगातल्या कोट्यवधी शेंबड्या पोरांना तो झालाच नसता. तिच्या खोलीतल्या मैत्रिणींनाही एवढंच सांगा की पेला-बाटली वेगळी ठेवा. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या वसतिगृहांत पाहणी झाली तेव्हा रुग्णाच्या खोलीत राहणाऱ्यांना इतरांपेक्षा जास्त लागण झालेली आढळली नाही.

मिस्टरांना हे पान वाचायला द्या.

प्रश्न : मला ११ महिन्यांपूर्वी हा ताप आला होता. आता नव्या वसतिगृहाचे रेक्टर 'ईबीव्ही निगेटिव्ह' असा दाखला मागतात. मी पुन्हा तपासणी केली तर आयजीजी पॉझिटिव्हच आलं. मी अजून रोग पसरवतो का? निगेटिव्ह कधी येणार?

उत्तर : कधीच येणार नाही, आणि येऊही नये. रिपोर्टवर प्रतिपिंडांच्या, म्हणजे विषाणूशी लढायला शरीराने बनवलेल्या प्रथिनांच्या, साधारण तीन ओळी असतात. त्या अशा वाचायच्या.

'व्हीसीए आयजीएम' ही ताज्या लागणीची खूण. तापाच्या दिवसांत ती पॉझिटिव्ह असते, बहुधा ४ ते ६ आठवड्यांत जाते, काहींत काही महिने रेंगाळते. 'व्हीसीए आयजीजी' आजारातच चढते आणि जन्मभर राहते. 'ईबीएनए आयजीजी' उशिरा येते, २ ते ४ महिन्यांनी, पण आल्यावर तीही मुक्काम सोडत नाही. तुमच्या रिपोर्टमध्ये पहिली निगेटिव्ह आणि बाकी दोन्ही पॉझिटिव्ह आहेत. याचा अर्थ एवढाच की लागण जुनी आहे, शरीराने तिची ओळख ठेवली आहे. या तिन्ही तपासण्या रक्तातली प्रतिपिंडं मोजतात. लाळेत आज विषाणू आहे की नाही हे त्यांतून कळत नाही.

मग लाळेचीच तपासणी करावी का? करू नका. आज निगेटिव्ह आली तरी पुढच्या आठवड्यात पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि त्याच निकषाने रेक्टरांची लाळ तपासली तर त्यांनाही वसतिगृह सोडावं लागेल. तुमच्या डॉक्टरांकडून दोन ओळींचं पत्र घ्या: 'ताप नाही, प्रकृती उत्तम आहे, वर्गात आणि वसतिगृहात राहण्यास हरकत नाही.' या आजारात यापेक्षा वेगळा दाखला अस्तित्वात नाही.

तपासणीचाच विषय निघालाय तर आजाराच्या सुरुवातीला होणारी एक चूक सांगून ठेवतो. 'मोनोस्पॉट' ही झटपट चाचणी पहिल्या आठवड्यात चौघांतल्या एकात चुकून निगेटिव्ह येऊ शकते, आणि चार वर्षांखालच्या मुलांत तर तिच्यावर विसंबूच नये. सीबीसीमध्ये, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी ५० टक्क्यांच्या वर आणि १० टक्क्यांहून जास्त 'अटिपिकल', म्हणजे वेगळ्या रूपाच्या, दिसल्या की संशय पक्का होतो. पण पावसाळ्यात सावध राहायला हवं. मोनोत प्लेटलेट थोड्या उतरतात, एसजीपीटी (यकृत दुखावल्याची रक्तातली खूण) दुप्पट-तिप्पट होतं, आणि डेंग्यूतही नेमकं हेच दिसतं, अटिपिकल पेशीसुद्धा. म्हणून डेंग्यू आणि मलेरियाची तपासणी आधी व्हावी, आणि ती होईपर्यंत अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन घेऊ नये. घशात राखाडी, चिकट पापुद्रा दिसला तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. तो घटसर्प नाही ना, हे डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय मोनोचं नाव घेऊ नये.

प्रश्न : कोल्हापूरला तालमीत राहतो, वय १९. तीन आठवड्यांपूर्वी ताप आला, मोनो निघाला. आता ताप नाही, भूक चांगली आहे. वस्ताद म्हणतात माती लागली की उरलेली कणकण जाईल. डॉक्टर म्हणतात कुस्ती बंद. माझ्यामुळे दुसऱ्या पैलवानांना होईल म्हणून का?

उत्तर : नाही. डॉक्टरांना काळजी आहे ती तुमच्या पानथरीची, म्हणजे प्लीहेची. डाव्या बरगड्यांखाली असणारी प्लीहा या आजारात निम्म्या रुग्णांत सुजते. एरवी ती बरगड्यांच्या आडोशाला सुरक्षित असते. सुजली की मऊ, ठिसूळ होते आणि खाली उतरते. अशा वेळी घुटना मारून कोणी कमरेवर बसलं, ढाकेवर आपटलं, किंवा नुसता जड वजनाला जोर लावला तरी ती फाटू शकते. फाटण्याचं प्रमाण फार कमी आहे, हजारात १ ते ५, पण फाटली तर पोटात रक्तस्राव होतो आणि वेळ हातात राहत नाही. बहुतेक घटना पहिल्या ३ आठवड्यांतल्या असतात. नंतरही होतात, म्हणून अंगाला अंग भिडणाऱ्या खेळात आम्ही पूर्ण ४ आठवडे सांगतो.

मोजायचं ते ताप किंवा घसा सुरू झाला त्या दिवसापासून, रिपोर्टच्या तारखेपासून नाही. तुमचे तीन आठवडे झालेत, म्हणजे हा आठवडा फक्त चालायचं. सकाळ-संध्याकाळ अर्धा तास, दम लागणार नाही इतपत. जोर, बैठका, दोरी, वजनं सगळं बंद. चार आठवडे पूर्ण झाले, ताप नाही, पोटात दुखत नाही, थकवा ओसरला आणि डॉक्टरांनी पोट तपासून हो म्हटलं, की नेहमीच्या निम्म्या आकड्यापासून बैठका सुरू करा. आठवडाभर त्या झेपल्या आणि दुसऱ्या दिवशी अंग मोडून आलं नाही, तर हौद्यात उतरा. पहिली लढत आपल्यापेक्षा हलक्या जोडीशी करा. मोठं मैदान असेल तर त्याआधी सोनोग्राफी करायला हरकत नाही, मात्र एकट्या आकड्याने निर्णय होत नाही. धिप्पाड पैलवानाची पानथरी निरोगी असतानाही इतरांपेक्षा मोठी असते, आणि तुमचं आजाराआधीचं माप कोणाकडे नाही.

दोन गोष्टी तालमीतल्या. पोटाची मालिश या काळात अजिबात नको, हात-पाय चोळून घ्या. आणि 'बघू किती सुजलीय' म्हणत येणाऱ्या-जाणाऱ्याला पोट दाबू देऊ नका. डॉक्टरांनी एकदा हलक्या हाताने पाहिलं की बास.

डाव्या बरगडीखाली अचानक कळ आली, डावा खांदा उगाचच दुखू लागला, चक्कर किंवा दरदरून घाम आला, तर गॅस म्हणून ओवा खात बसू नका. सरळ शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जा आणि 'मला मोनो झालाय' हे वाक्य सगळ्यात आधी सांगा. खांद्याचं दुखणं पोटातल्या रक्ताने येतं, हे न सुचल्याने वेळ जातो.

लागणीचं म्हणाल तर घाम आणि माती यांतून हा पसरत नाही. थंडाईचा तांब्या मात्र तोंडोतोंडी फिरतो, तेव्हा आपली थंडाई आपल्या पेल्यात ओतून घ्या.

प्रश्न : घसा आला म्हणून अमॉक्सिसिलिन दिलं, सातव्या दिवशी अंगभर लाल पुरळ उठलं. नंतर कळलं की मोनो होता. आता आयुष्यभर पेनिसिलिन बंद का? आणि अँटिबायोटिक घेऊन लागण थांबते का?

उत्तर : मोनो असताना अमॉक्सिसिलिन किंवा अँपिसिलिन घेतलं की असं पुरळ बऱ्याच जणांना उठतं. बहुतेकांत ती खरी अ‍ॅलर्जी नसते. तरी स्वतःच्या मनाने पुन्हा घेऊन पाहू नका. फाइलवर 'मोनोच्या काळात पुरळ' अशी नोंद करून घ्या आणि बरं झाल्यावर अ‍ॅलर्जी तज्ज्ञांना विचारा. ओठ सुजले असतील, श्वास लागला असेल किंवा तोंडात फोड आले असतील तर गोष्ट वेगळी, मग ते औषध बंदच.

अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही, लागणीवरही नाही. असायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध घेत असेपर्यंत लाळेतला विषाणू कमी होतो, गोळ्या थांबल्या की परत येतो, आणि दुखणं काही लवकर बरं होत नाही. म्हणून ते देत नाहीत. घशासाठी पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या कराव्यात. तापासाठी प्रौढाने पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, दोन गोळ्यांत किमान ६ तासांचं अंतर ठेवून घ्यावं. यकृत आधीच दुखावलेलं असतं, तेव्हा मात्रा वाढवायची नाही आणि एसजीपीटी ताळ्यावर येईपर्यंत दारूला हात लावायचा नाही. थुंकीही गिळवत नसेल, श्वास घेताना घरघर होत असेल, तर घरी थांबू नये. टॉन्सिल सुजून वाट अडते तेव्हा रुग्णालयात स्टेरॉइडची गरज पडू शकते.

प्रश्न : बायकोला चौथा महिना आहे आणि माझ्या धाकट्या भावाला मोनो. तिला माहेरी पाठवू का?

उत्तर : ती बहुधा आधीच सुरक्षित आहे, आणि हा विषाणू गर्भाला इजा करतो असं दिसलेलं नाही. एक खात्री मात्र करून घ्या. भावाचं निदान तपासणीने झालंय की नुसतं पाहून? सायटोमेगॅलो नावाचा दुसरा विषाणू अगदी असाच ताप आणतो, तोही लाळेतून जातो, आणि गरोदरपणात तो त्रासदायक ठरू शकतो. भावाचा ईबीव्ही रिपोर्ट निगेटिव्ह असेल तर तिच्या डॉक्टरांना लगेच सांगा. माहेरी जायचं की नाही हे तिला विचारा, त्यात वैद्यकीय काही नाही.

प्रश्न : बरं झाल्यावर टूथब्रश टाकून द्यावा का?

उत्तर : स्वतःसाठी गरज नाही, तो विषाणू तुमच्यात आहेच. पण घरातले चारही ब्रश एकाच पेल्यात डोक्याला डोकं लावून उभे असतील तर तुमचा बाजूला काढा.